भलत्या खात्यातले आठ प्रवास

१

तक्रार घेऊन आलेला माणूस सोबत मिठाईचं खोकं घेऊन आला, की समजावं प्रकरण गंभीर आहे. नुसता आरडाओरडा करणारा दुपारपर्यंत विसरतो. खोकंवाला विसरत नाही.

कुरामोची यासुजी-सान मार्चमधल्या एका सोमवारी फुकुओकाच्या विमानतळावर आले ते प्रवासाला नव्हेच. हातात बॅग नव्हती, खोकं होतं. ते त्यांनी कामोमे कंपनीच्या काउंटरवर ठेवलं, दोन्ही हातांनी पुढे सरकवलं, कमरेत वाकले आणि म्हणाले, "आपल्याला त्रास देतोय, माफ करा. पण माझे आठ प्रवास चोरीला गेलेत."

आमच्याकडे छत्र्या हरवतात, कवळ्यासुद्धा हरवतात. प्रवास चोरीला गेल्याचं कुणी पहिल्यांदाच सांगत होतं.

मी नोगामी फुसाए. त्याच कामोमेच्या लाउंजच्या दाराशी एकोणीस वर्षं बसते. विमान सुटायच्या आधी ज्यांना मऊ खुर्ची आणि फुकट करी-भात मिळतो, त्यांना आत सोडायचं आणि बाकीच्यांना त्यांचं मन न दुखवता बाहेर ठेवायचं, हे माझं काम. कुरामोची-सान आतल्यांपैकी. सहासष्ट वर्षांचे, मासळी बंदरांवरची बर्फाची यंत्रं दुरुस्त करणारे. निवृत्त झाले तरी कंपनी त्यांना महिन्यातून एकदा तैवानला धाडते, कारण तिथली जुनी यंत्रं दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. तीस वर्षांच्या उडण्यातून त्यांना कामोमेचं सोनेरी कार्ड मिळालेलं आहे. ते एकदा मिळालं आणि वर्गणी भरत राहिलं, की जन्मभर टिकतं. त्याच्यासाठी आमच्याकडची धडधाकट माणसं शनिवारी ओकिनावाला जातात आणि विमानतळाबाहेर पाऊल न टाकता परत येतात, पुन्हा जातात. आम्ही त्याला तपश्चर्या म्हणतो. थट्टेने नाही, तोच शब्द आहे.

तर चोरी अशी. विमान कंपन्यांचीही गोतं असतात. कामोमेच्या विमानात बसून प्रवासाचे मैल, ज्यांतून पुढे फुकट तिकीट मिळतं, ते त्याच गोतातल्या लानयांग या तैवानी कंपनीच्या खात्यात टाकता येतात. तिकिटावर लानयांगचा सभासद नंबर द्यायचा, बस. मान कामोमेकडून घ्यायचा आणि पुण्य लानयांगकडे साठवायचं. नियमात बसतं, शहाणे लोक करतात. अडचण एवढीच, की तिकिटावर नंबराला जागा एकच. तिथे लानयांगचा नंबर असला, की हा माणूस सोनेरी आहे हे आमच्या यंत्राला कळत नाही. मग लाउंजच्या दाराशी आणि पुन्हा गेटवर कार्ड काढून दाखवावं लागतं.

कुरामोची-सानांनी वर्षभर प्रत्येक तिकिटावर लानयांगचाच नंबर दिला होता. जाण्याच्या बारा फेऱ्या, येण्याच्या बारा. येतानाच्या सगळ्या बरोबर जमल्या. जातानाच्या बारांपैकी आठ मात्र कामोमेच्या खात्यात जाऊन पडल्या होत्या. एकदा पडलेले मैल परत काढता येत नाहीत, दोन्ही कंपन्यांचा तसा करार आहे.

आमचे शाखाप्रमुख त्सुकुदा साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान आणि माझ्याहून बारा पट घाबरट. त्यांनी मला आत बोलावलं.

"नोगामी-सान, शुक्रवारी मुख्य कचेरीतून एनोमोटो-सान येतायत. त्याआधी अहवाल हवा. तुम्ही जरा विचारपूस करा. तुमच्याशी सगळे बोलतात."

"मी लाउंजवाली. मला काय कळणार त्यातलं?"

"कळायचं काही उरलेलंच नाही म्हणा." त्यांनी एक कागद पुढे केला. आठ तारखा, आठ वेळा. प्रत्येक वेळी तिकिटावरचा लानयांगचा नंबर पुसून कामोमेचा घातलेला. तो कुणाच्या नावाने यंत्रात शिरून घातला, ते शेवटच्या रकान्यात होतं.

आठही ओळींत एकच नाव होतं. मोमोसे.

२

मोमोसे चिनात्सु, सव्वीस वर्षांची, काउंटरवर असते. दर वर्षी नवा करार, आणि या वर्षीचा एकतीस मार्चला संपणार होता. सहाला येते. आल्याबरोबर आधी लाउंजमध्ये जाऊन माझं यंत्र आणि पायाखालचा हीटर सुरू करून ठेवते, कारण मी सातला येते आणि माझा पासवर्ड दर नव्वद दिवसांनी मरतो. मला तिची माया आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला पकडायला नको.

तिच्यावर संशय घ्यायला कारणही होतं. कचेरीने गेल्या वर्षी 'या परत घरी' नावाची मोहीम काढली होती. दुसरीकडे मैल साठवणाऱ्या गिऱ्हाइकांना गोड बोलून आपल्या खात्याकडे वळवायचं. डिसेंबरात आमच्या शाखेत मोमोसे पहिली आली. बक्षीस म्हणून प्रशस्तिपत्र आणि हात पुसायचा रुमाल.

"रुमालासाठी कुणी चोरी करतं का हो?" मी साहेबांना विचारलं.

"करार वाढावा म्हणून करतं," ते म्हणाले. "आणि हे बघा, करार संपला की प्रश्नही आपोआप संपतो. कुणाला काढून टाकायचीही गरज नाही."

म्हणजे मी 'मोमोसे' एवढं लिहिलं की तिची नोकरी जाणार. दुसरं काही लिहायचं, तर त्याला पुरावा हवा. हातात चार दिवस होते.

मंगळवारी कुरामोची-सानांना मी लाउंजमध्ये बसवलं. करी-भात आणून दिला. गेल्या वर्षापासून त्यांचा हात कापतो. मागच्या एप्रिलमध्ये माझ्या दाराशी कार्ड काढताना पाकिटातली सगळी नाणी सांडली. मी गोळा केली, ते शरमेने लाल झाले. त्याच दिवसापासून त्यांच्या सोनेरी कार्डाचा नंबर मी चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलाय. ते दिसले की मीच टाकते. त्यांना खिशात हात घालावा लागत नाही.

"लानयांगमध्येच का साठवता?" मी विचारलं. "आमच्याकडे साठवलेत तर जास्त मिळतील."

"तुमच्याकडचं फुकट तिकीट फक्त नातेवाइकांना देता येतं. आईबाप, मुलं, नातवंडं, भावंडं, बायको. लानयांगवाले कुणालाही देऊ देतात."

"आणि तुम्हाला कुणाला द्यायचंय?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "ताएकोला."

"ताएको-सान कोण?"

"कागदावर माझी कुणीच नाही. अठरा वर्षांपूर्वीपर्यंत बायको होती."

त्यांचा मुलगा तैवानातल्या कीलुंगला असतो, सून तिथलीच. एप्रिलच्या वीस तारखेला नातवाचा पहिला वाढदिवस. तिकडे बाळापुढे वस्तू मांडतात, तो काय उचलतो ते सगळं घर बघतं आणि त्यावरून पुढे तो कोण होणार ते सांगतं. ताएको-सानांनी नातवाला फोनवरच पाहिलं होतं. तिकिटाला त्यांच्याकडे पैसे नव्हते आणि कुरामोची-सानांच्या पैशाला त्या हात लावणार नव्हत्या.

"फुकटचं चालेल म्हणाली," ते म्हणाले. "फुकटचं म्हणजे तुझं नाही, असं तिचं गणित आहे. मी वाद घातला नाही. अठरा वर्षांत तेवढं शिकलो."

"आता हो?"

"आता मैल कामोमेत पडलेत, म्हणजे बायको असेल तरच तिकीट. मी तिला म्हटलं, मग करूया का परत लग्न, महिनाभरासाठी? ती म्हणाली, त्यापेक्षा पोहत जाईन."

मी हसले. तेही हसले, आणि मग खिशातून रबर लावलेला एक गठ्ठा काढला. वर्षभराचे बोर्डिंग पास. मैल जमेपर्यंत पास फेकायचा नाही, असं मुलाने सांगितलेलं. आठही वादग्रस्त पास मी एकेक करून पाहिले. काउंटरवर छापलेले. प्रत्येकावर लानयांगचा नंबर स्वच्छ.

"तुम्हाला कधी शंका नाही आली?"

"कशी येणार? उलट यंदा तुमच्या लोकांनी माझं मन जिंकलं. तिकडून येताना गेटवर कार्ड दाखवावं लागतं. इथे हल्ली मागतही नाहीत. पास लावला की ती मुलगी म्हणते, या कुरामोची-सान, आधी तुम्ही. तोंड बघून ओळखतात. तीस वर्षं उडल्याचं सार्थक झालं म्हणायचं."

मी वहीत लिहिलं: काउंटरवर नंबर बरोबर होता, बदल त्यानंतर झाला. मग साहेबांच्या कागदावरच्या वेळा पाहिल्या. नऊ वाजून वीस, नऊ एकतीस, नऊ चव्वेचाळीस. काउंटर सोडल्यानंतरच्या आणि गेटवर जाण्याआधीच्या.

त्या वेळी कुरामोची-सान कुठे असतात, ते मला कुणाला विचारावं लागणार नव्हतं. याच खुर्चीत, हाच करी-भात खात, माझ्या डोळ्यांसमोर.

३

बुधवारी दुपारी कर्मचाऱ्यांच्या खाणावळीत मोमोसेसमोर जाऊन बसले. तिच्यापुढे उदोन नूडल्सचा वाडगा, वर बर्डॉकच्या मुळांची भजी. मी वही उघडली.

तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चौकशी का?"

"विचारपूस."

"वही असली की चौकशी, नोगामी-सान. बिनवहीची ती विचारपूस."

"खा आधी. भजी मऊ पडतील."

"मला मऊच आवडतात." तिने एक भजं सुपात बुडवलं. "विचारा."

"कुरामोची-सानांचा नंबर तू बदललास?"

"कागदावर काय आहे?"

"कागदावर तुझं नाव आहे."

"मग झालं की."

"मोमोसे, मी तुला विचारतेय."

ती खूप वेळ नूडल्स ओढत राहिली. आमच्याकडे ते आवाज करत खाल्लेलं चालतं, पण तिचा आवाज मला उत्तर टाळल्यासारखा वाटला. "डिसेंबरातल्या रुमालाचं म्हणाल, तर ते बत्तीस लोक मी विचारून वळवले," ती म्हणाली. "प्रत्येकाची सही आहे. कुरामोची-सानांना मी विचारलं होतं एप्रिलमध्ये. ते नको म्हणाले. का नको तेही सांगितलं. त्यानंतर त्या माणसाचा नंबर मी बदलेन?"

"नाही बदलणार."

"झालं तर."

"मग कुणी बदलला? तुझ्या नावाने यंत्रात कोण शिरतं?"

आता ती थांबली. खायच्या काठ्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. माझ्या तोंडाकडे ती ज्या नजरेने पाहत होती, ती मी ओळखायला हवी होती. लहान मूल पडायच्या आधी आपण त्याच्याकडे तसं बघतो.

"नोव्हेंबरातली चौदा तारीख आठवते?" मी विचारलं. "त्या दिवशी बदल नऊ एकतीसला झालाय. तुझ्या हजेरीवर सव्वाआठला ताप म्हणून सुट्टी आहे."

"दवाखान्यात होते तेव्हा."

"म्हणजे तू नव्हतीस. हे साहेबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर पुढचा प्रश्न येतो." ती उठली. वाडगा उचलला. "नोगामी-सान, शुक्रवारी माझंच नाव लिहा आणि मिटवा. मला दुसरीकडे नोकरी मिळेल. मी सव्वीस वर्षांची आहे."

"वेड लागलं का तुला? कुणाला वाचवतेयस?"

ती वाडगा घेऊन वळली. भज्याचा शेवटचा तुकडा सुपात तसाच तरंगत होता.

४

मोमोसे कुणाला तरी पाठीशी घालत होती. त्सुकुदा साहेबांना? शाखेचा आकडा वाढला तर बढती त्यांची. पण साहेब सकाळी नऊ ते दहा वरच्या मजल्यावर सुरक्षेच्या बैठकीत असतात, रोज. वीस माणसं साक्षीला. तरीही बाराही तारखांना ते कामावर होते, हे मी लिहून ठेवलं.

राहिला एकच माणूस ज्याला कुरामोची-सानांची तिकिटं, तारखा, सगळं माहीत असावं. संध्याकाळी मी बाजारात गेले. ताएको-सानांचं सुक्या मासळीचं दुकान. दुकान कसलं, दोन फळ्या आणि एक दिवा. त्या त्रेसष्ट वर्षांच्या, बारीक, हातात रबरी मोजे.

"विमानतळावरच्या का तुम्ही?" त्यांनी माझ्या गळ्यातल्या पट्ट्यावरून ओळखलं. "त्याने पाठवलं? त्याला सांगा, मी काही तिकिटासाठी घोड्यावर बसलेली नाहीये."

"मी माझ्या मनाने आलेय. त्यांच्या तिकिटांचं तुम्हाला माहीत असतं का?"

"सगळं. प्रत्येक फेरीच्या आधी कागद आणून देतो. म्हणे, विमान पडलं तर कुणाला तरी ठाऊक हवं. मी म्हणते, पडलं तर बातम्यांत सांगतील की."

"आणि त्यांच्या सोनेरी कार्डाचा नंबर?"

त्यांनी तो मला एका दमात पाठ म्हणून दाखवला. "लग्न होतं तोवर त्याची तिकिटं कोण बघत होतं असं वाटतं तुम्हाला? त्याला स्वतःच्या मोज्यांचा जोड सापडत नसे."

मी एक वाळवलेला बांगडा उचलला, उलटा केला. "ताएको-सान, स्पष्टच विचारते. तुम्हाला तैवानला जायचंच नाही, असं तर नाही ना?"

हातातली कात्री थांबली. त्या फळीमागे खोक्यावर बसल्या.

"नंबर बदलायला मी फोन केला होता," त्या म्हणाल्या.

बाजारातला दिवा एकदा मिणमिणला. मला वाटलं, सुटलं. मोमोसे सुटली.

"कधी?"

"ऑगस्टात. फोनवरच्या मुलीला म्हटलं, मैल कामोमेतच टाका. तिने जन्मतारीख विचारली, सांगितली. पत्ता विचारला, सांगितला. मग म्हणाली, हा बदल प्रवाशाने स्वतःच करायला हवा, त्यांना फोनवर देता का? मी ठेवून दिला."

"पुन्हा नाही केला?"

"नाही. लाज वाटली." त्यांनी मोजे काढले. "विमानाची भीती नाही हो. तिथे सुनेच्या आईबापांसमोर मी काय म्हणून उभी राहणार? मुलाची आई, ठीक. पण त्याच्या शेजारी उभी राहिले तर त्याची कोण? नुसतं 'कोण' म्हणून जाता येत नाही ना कुठे." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण त्या पोराने काय उचललं ते बघायचंय मला. ते आता ठरलंय माझं. त्याला सांगू नका, फुशारेल."

फोनवरून बदल झाला असता तर यादीत फोनवरच्या मुलीचं नाव आलं असतं. ते नव्हतं. बांगडा मी विकत घेतला आणि घरी आले. हातात पुरावा शून्य, बांगडा एक.

५

गुरुवारी सकाळी डोक्यात एकच खडा टोचत होता, तो कुरामोची-सानांच्या बोलण्यातला. गेटवर तोंड बघून ओळखतात.

विमानं सुटायच्या मधल्या वेळात गेटवर गेले. तिथली मुलगी, ओहारू, पेंगत होती.

"कुरामोची-सानांना तू कार्ड न बघता कशी ओळखतेस गं?"

"कोण कुरामोची-सान?"

"कीलुंगवाले. बर्फाची यंत्रं. हात कापतो."

"नोगामी-सान, दिवसाला आठशे तोंडं जातात माझ्यासमोरून. मी माझ्या मावशीलाही ओळखणार नाही. पास लावला की पडद्यावर 'सोनेरी' उमटतं, मग आम्ही नाव घेऊन बोलावतो."

"तिकिटावर लानयांगचा नंबर असेल तर?"

"मग कसं उमटेल? कार्ड बघावं लागेल."

म्हणजे गेटवर पोचेपर्यंत तो नंबर बदललेला होता, म्हणूनच पडद्याने त्यांना ओळखलं. ज्याने बदलला त्याने मैल पळवले खरे, पण त्याच हाताने एका कापऱ्या हाताच्या म्हाताऱ्याला कार्ड काढण्यापासून वाचवलं होतं. चोर असं कशाला करेल? चोराला म्हाताऱ्याच्या हाताचं काय?

मी परत येऊन माझ्या खुर्चीत बसले. वहीत माणसांची यादी होती आणि प्रत्येकापुढे बारा तारखा. मला असा माणूस हवा होता, जो आठही दिवशी हजर होता आणि बाकीच्या चार दिवशी नव्हता. त्या चार दिवशी कुणीही काही बदललं नव्हतं. मोमोसे आठात एकदा घरी गेलेली. साहेब बाराही दिवशी हजर. ओहारू तर सप्टेंबरात लागलेली.

चार तारखा मी पुन्हा वाचल्या. जूनमधली, जुलैमधली, ऑक्टोबरची सोळा, जानेवारीची एकोणतीस.

जून-जुलैत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

ऑक्टोबरच्या सोळाला भाच्याचं लग्न होतं, कुमामोतोला. जानेवारीत मी तापाने अंथरुणात होते.

यादीत सात नावं होती. माझं नव्हतंच. लिहिणारी स्वतःला कुठे धरते?

मग बाकीचं आपोआप उलगडलं, स्वेटरचा धागा ओढल्यासारखं. मोमोसे पहाटे दोन यंत्रं उघडते, एक तिचं, एक माझं. दोन्ही तिच्याच नावाने. मी वर्षभर तिच्या नावाखाली बसून काम करत होते. आणि काचेखालच्या चिठ्ठीवरून सोनेरी नंबर टाकला की यंत्र विचारायचं, आधीच्या नंबराच्या जागी हा ठेवायचा का? मी 'हो' दाबायची. मला वाटायचं, तो नुसता हजेरीचा रकाना. एकोणीस वर्षांत माझ्या दाराशी आलेल्या बहुतेकांचं कार्डही आमचं आणि मैलही आमचेच, त्यामुळे कधी फरक पडलाच नव्हता. बाकीचे आपलं कार्ड स्वतः दाखवतात, मी पाहते आणि आत सोडते. नंबर मी आपणहून फक्त एकाच माणसाचा टाकत असे. ज्याची मला काळजी वाटली, त्याचा.

एक बाई येऊन म्हणाली, चहाच्या यंत्रात पाणी नाही. मी जाऊन भरलं.

त्रेपन्नाव्या वर्षी लाउंजच्या दारावरून उठवलेल्या बाईला दुसरं दार कोण देतं, हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला, आणि चांगला ऐसपैस बसला. मोमोसे स्वतःहून म्हणाली होती, माझंच नाव लिहा. सव्वीस वर्षांची आहे म्हणाली होती. वहीत तेवढं एक नाव उतरवलं असतं, तर कुणी काही विचारणार नव्हतं.

संध्याकाळी कुरामोची-सानांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "ते मला ओळखत नव्हते."

"नाही. मीच होते."

"नाणी सांडली होती तेव्हापासून?"

"हो. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मी नाहीच म्हणालो असतो," ते म्हणाले. "कार्ड मी काढतो, असंच म्हणालो असतो. आणि परत सांडली असती." मग आवाज जरा सैल झाला. "ताएकोला सांगतो. तुमच्यावर चिडायचं की माझ्यावर, ते तिला ठरवू द्या. तिला ते काम चांगलं जमतं."

६

शुक्रवारी एनोमोटो-सान आले. राखाडी कोट, चष्मा, अतिशय सभ्य. टेबलाच्या एका बाजूला ते, शेजारी त्सुकुदा साहेब. समोर मी. मोमोसे दाराजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर.

माझा अहवाल एका पानाचा होता. छापील नमुना, वर दोन चौकटी. चौकशी कोणी केली. चूक कोणाची.

एनोमोटो-सानांनी पान वाचायला घेतलं आणि वरच थांबले. चष्मा पुसला. मग मला कमीपणा वाटू नये म्हणून हलक्या आवाजात म्हणाले, "नोगामी-सान, भरताना जरा गडबड झालेली दिसते. दुसऱ्या चौकटीतही तुमचंच नाव पडलंय. दुरुस्त करून देता?" आणि त्यांनी पेनही पुढे केलं.

"गडबड नाही," मी म्हणाले. "तसंच आहे ते."

साहेबांनी माझ्याकडे, मग पानाकडे, मग छताकडे पाहिलं.

मी तारखा वाचून दाखवल्या, पास दाखवले, गेटचं सांगितलं. आठ आणि चार. चिठ्ठीही काचेखालून काढून आणली होती. एनोमोटो-सान मधेच एकदा म्हणाले, "पण यात तुमचा फायदा काय?" फायदा नसताना केलेल्या गोष्टींसाठी नमुन्यात चौकट नव्हती.

"त्यांचा हात कापतो," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही, पण पेन बराच वेळ कागदावर टेकवून ठेवलं.

निकाल दुपारी लागला. मला लाउंजवरून काढून तळमजल्यावर, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर. मोमोसेला आपलं नाव दुसऱ्याला वापरू दिल्याबद्दल लेखी ताकीद. करार एक वर्षाने वाढवला. मैल परत फिरणार नव्हते. ताएको-सानांनी म्हणे स्वस्तातल्या एका कंपनीचं तिकीट मासळीच्या पैशांतून काढलं आणि कुरामोची-सानांना निरोप धाडला, की तू तुझ्या सोनेरी खुर्चीत बसून ये.

मोमोसे मला जिन्यात भेटली. हातात कराराचा कागद, अजून सही न केलेला.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"सोमवारीच. तुमचं यंत्र मीच उघडते ना."

"मग सांगायचं होतंस मला."

"वाट बघत होते. तुमचं तुम्हाला कळेल म्हणून." तिने कागदाची घडी घातली, उघडली. "माझ्या घरी भाडं मी एकटी भरते, नोगामी-सान. तीन रात्री झोपले नाही. माझं नाव लिहा म्हणाले ते मोठ्या मनाने वगैरे नाही. तुम्ही खरंच लिहिता का, ते बघायचं होतं."

मी तिच्या हातातल्या घडीकडे पाहिलं.

"खाणावळीत तुम्ही वही उघडून बसलात," ती म्हणाली. "त्या यादीत पहिलं नाव माझं होतं ना?"

"हो."

"आणि तुमचं कितवं?"

"नव्हतंच."

तिने मान हलवली. चिडून नाही, समजूत घातल्यासारखीही नाही. दिव्याखालच्या कठड्यावर कागद टेकवून सही केली, खिशातला नावाचा शिक्का काढून ओठाजवळ नेला, त्यावर फुंकर मारली आणि उमटवला. मग काउंटरकडे गेली.

मी जिन्यात उभी राहिले. रांग लागलेली होती. पहिल्या प्रवाशाने पासपोर्टबरोबर सोनेरी कार्ड पुढे केलं. मोमोसेने ते हातात घेतलं नाही. "मैल कुठे जमा करायचे आहेत?" तिने विचारलं, आणि तो माणूस आठवत होता तेवढा वेळ, मागची सगळी रांग खोळंबली तरी, ती थांबून राहिली.